दंव बाधलं

आमच्या मार्कालाच्या डोंगरात आवाज बसला की कारण ठरलेलं: रात्रीचं दंव बाधलं. डोळे लाल झाले? दंवच. गिळताना दुखतंय? मग तर नक्कीच दंव! रविवारी प्रार्थनेत माझ्यासोबत काम करणाऱ्या एल्वियाच्या गळ्यातून सूर फुटेना, तेव्हा मीच तिला मध-लिंबाचा काढा पाजला. इतकी वर्षं नर्स आहे मी, आणि अक्कल पाजळली ती अशी.

बुधवारी राजधानीहून डॉक्टर नेरेइदा आमच्या आरोग्य केंद्रात शिकवायला आल्या. विषय गळा दाबण्याचा. बाई वाचते, मानेवर वळसुद्धा दिसत नाही, म्हणून आपण तिला घरी धाडतो. आत रक्ताची नळी फाटलेली असू शकते, असं त्या सांगत होत्या. "आणि ज्यानं एकदा गळा धरला, तो पुन्हा धरतो. पुढच्या खेपेला बाई वाचेलच असं नाही."

मग नाटक करून दाखवायचं ठरलं. पेशंट कोण? सगळ्यांनी आमच्यातल्या एल्वियालाच पुढे ढकललं. "आवाज आयताच बसलाय तुझा!" म्हणत आम्ही खिदळलो. नर्सचं काम माझ्याकडे आलं.

"काय झालं, बाई?"

"त्यानं गळा धरला."

"मग?"

"पत्र्यावरचा पाऊस ऐकू येईना. मग दिसेनासं झालं. शुद्धीवर आले तर परकर भिजलेला. तो म्हणाला, ऊठ, राजमा करपतोय."

"वा गं नटी!" मागून कुणीतरी टाळी वाजवली. डॉक्टर हसल्या नाहीत. गळा दाबला की लघवी सुटून परकर भिजतो हे त्यांनी अजून शिकवलंच नव्हतं.

"कॉफी पिऊन या सगळ्या," डॉक्टर म्हणाल्या आणि मला डोळ्यानं खुणावून गाडी बोलवायला गेल्या. मी एल्वियाला इंजेक्शनच्या खोलीत नेलं.

"नाटक संपलं, बयो. ओस्माननं केलं हे?"

ओस्मान तिचा नवरा. गावातला कुणीही आजारी पडो, स्वतःच्या गाडीतून आणून सोडणारा, देवमाणूस म्हणायचो आम्ही त्याला.

ती मग म्हणाली, "ताई, रविवारी तू विचारलंस, काय झालं म्हणून. मी तोंड उघडायच्या आत तूच सांगून टाकलंस, दंव बाधलं. मला बरं वाटलं गं. वाटलं, तेच असेल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"आज घरी जायचं नाही. शहरात मान तपासून घेऊ. मी येते सोबत."

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि ओस्माननं मला नेहमीसारखी मानानं हाक मारली. "दोन्या झोराइदा, आटपलं का शिक्षण? माझी बायको परत द्या की!" बाहेर कॉफी पिणाऱ्या पोरी हसल्या.

मी कडी घातली. "ती पेशंट आहे, ओस्मान. मिळायची नाही."

"बरी चेष्टा करता! एल्विया, ये ना गं."

ती उठायला लागली. मी तिचे खांदे धरले तर ती लाकडासारखी ताठ झाली, श्वासच घेईना. मी घाबरून हात काढले. आता तिला अडवणार तरी कसं?

तो हाका मारत राहिला, कुणालाही लोभ वाटावा अशा गोड आवाजात. एल्विया दाराशी गेली. कडीला हात लावला. मग दाराला पाठ लावून ती खाली बसली आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "गाडी येईस्तोवर बोलत राहा, ताई. मोठ्यानं बोल. त्याची हाक आली की माझे पाय आपोआप उठतात."