वेणीवालीचा नंबर

तिसऱ्या मुलीच्या केसांत शेवटची क्लिप खोचून पार्लरवालीनं तिच्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं, झटकलं आणि आरशातच बघत विचारलं,

“आता कोणाचा नंबर?”

कोणाचा ते तिला पक्कं ठाऊक होतं. गेले चार महिने ती याच नंबराची वाट बघत होती.

शाळेचा आज शेवटचा दिवस. लेकीची दुसरी संपली, म्हणून तिनं पार्लर बंद ठेवलं होतं, आरशांना फुगे बांधले होते, मोठा केक आणला होता. वर्गातल्या चार मैत्रिणी बोलावल्या होत्या आणि प्रत्येकीला हवी तशी केशरचना करून द्यायचं कबूल केलं होतं. यादी करताना लेकीनं खाली मान घालून विचारलं होतं, तिला पण बोलवायचं का? तिला तर सगळ्यांत आधी, असं आईनं सांगितलं होतं.

ती म्हणजे वेणीवाली. सात वर्षांची पोर आणि कमरेखाली लोळणारी, मनगटाएवढी जाड वेणी. थंडीत लेकीच्या डोक्यात उवा झाल्या, तेव्हा आईनं स्वतःच्या हातानं तिचे केस बारीक कापले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात वेणीवाली तिला ‘टकली’ म्हणाली, आणि आठवडाभरात अख्खी शाळा म्हणायला लागली. लेक घरातही टोपी काढेना. पार्लरवाली शाळेत जाऊन वर्गाच्या बाईंना भेटली. बाई म्हणाल्या, मुलं आहेत, विसरून जातील. मुलं विसरली नाहीत. पार्लरवालीही विसरली नाही.

वेणीवाली खुर्चीत चढली. उंची पुरेना म्हणून तिच्याखाली उशी द्यावी लागली. ती भलतीच खुशीत होती, तोंड क्षणभर बंद नव्हतं. घरी आई नाही, त्यामुळे वेणी बाबाच घालतात, असं तिनं आपण होऊन सांगितलं. बाबा फरश्या बसवतात. सिमेंट लागून लागून त्यांची बोटं खरखरीत झालीत, केस अडकतात, मग ते आधी हातांना तेल चोळतात. वेणी घट्ट नाही जमत, पण रोज घालतात.

पार्लरवालीचा हात जरासा रेंगाळला. आरशात तिला मागे उभी असलेली लेक दिसली. हातात केकची बशी होती, पण ती खात नव्हती. नुसती बघत होती.

“टोकं फार फाटलीत गं. थोडी काढते.”

“थोडीच ना, काकू?”

“थोडीच.”

एवढी जाड वेणी एका फटक्यात तुटत नाही. मानेपाशी कात्री चार वेळा दाबावी लागली. पहिल्या वेळी गुदगुल्या झाल्यासारखी पोर हसली. चौथ्या वेळी डोकं एकदम हलकं होऊन पुढे झुकलं. पार्लरवाली थांबली नाही. एका कानावर जास्त, दुसऱ्यावर कमी, मागे उंदरानं कुरतडल्यासारखं. वीस वर्षांत तिनं कोणाचे केस मुद्दाम बिघडवले नव्हते. बिघडवायलासुद्धा तयार हात लागतो, हे तिला आज कळलं.

मग तीन मुलींपैकी एक फिसकन हसली आणि तो शब्द म्हणाली. बाकीच्या दोघींनी तो उचलला. लेकही हसली, पोट धरून हसली. चार महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

वेणीवाली रडली नाही. तिनं हात मागे नेला आणि पाठीवर खाली, आणखी खाली चाचपत राहिली.

पाचला तिचे बाबा आले. हातपाय धुऊन, शर्ट बदलून आले होते. आपल्या पोरीला बघून ते उंबऱ्यातच खिळले. काय सांगायचं ते पार्लरवालीनं आधीच जुळवून ठेवलं होतं. डोकं लिखांनी भरलं होतं, बाकीच्या मुलींना उवा लागल्या असत्या, दुसरा इलाजच नव्हता.

बाबांची मान खाली गेली.

“माझंच चुकलं, ताई. बाईमाणूस नाही घरात. मला दिसायला हवं होतं.” मग त्यांनी विचारलं, “वेणी नेऊ का?”

यावर काय सांगायचं ते तिनं जुळवलेलं नव्हतं. वेणी समोर ड्रॉवरमध्येच होती, स्वच्छ, तेलाच्या वासाची. तिनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

“ती टाकून दिली, काका,” लेक म्हणाली. “त्यात उवा पण होत्या. मला तिच्याच लागल्या होत्या, म्हणून तर माझे केस कापले.”

दोघी कधी एका बाकावर बसल्या नव्हत्या. बाबांना ते कुठून माहीत असणार? ते लेकीपुढे वाकले आणि त्यांनी त्या आठ वर्षांच्या मुलीला हात जोडले. मग आपल्या पोरीला पुढे केलं.

“सॉरी म्हण तिला.”

वेणीवालीनं एकदा पार्लरवालीकडे पाहिलं.

“सॉरी,” ती म्हणाली.

“असू दे,” लेक मोठ्या माणसासारखं म्हणाली.

बाकीच्या मुलीही एकेक करून गेल्या. पार्लरवाली फरशीवरचे केस झाडायला लागली आणि मध्येच थांबली.

“काकांना तसं का सांगितलंस गं?”

लेक खुर्चीवर चढून बसली होती. केकवरचं उरलेलं क्रीम बोटानं निपटत होती.

“तू अडकलीस ना बोलता बोलता,” ती म्हणाली, “म्हणून मी सांगितलं.”

आणि क्रीमनं भरलेलं बोट तिनं आईच्या तोंडापुढे धरलं. आईनं तोंड उघडलं.