ज्ञानोबांची निर्मळ बाटली

लातूर नवा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, साहेब आले. पाऊस तेवढा आला नाही. शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात विहिरी आटल्या आणि अख्खं गाव बहात्तरच्या दुष्काळात पाडलेल्या बोअरवर आलं.

त्या पाण्यातल्या फ्लोराइडनं माणसांच्या पाठी ताठ होतात, असं डॉ. सिंधु सोनकांबळे यांचं म्हणणं. ते जिल्ह्याच्या समितीपुढे सिद्ध झालं तर बोअर बंद होऊन टँकर मिळणार होता. म्हणून त्यांनी कुणाची पाठ किती वाकते ते तपासलं, त्याच माणसांना घरी बाटल्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी गोळा झालेली लघवी नांदेडच्या प्रयोगशाळेत धाडली.

निकाल आले. सिंधुबाईंनी पाठ आणि बाटली शेजारी शेजारी मांडली आणि त्यांचीच मान ताठ झाली. ज्ञानोबांना स्वतःच्या चपला दिसत नव्हत्या, पण त्यांची बाटली निर्मळ. कोलांट्या मारणाऱ्या बसवंताच्या बाटलीत मात्र फ्लोराइडच फ्लोराइड.

समितीचे अध्यक्ष डॉ. साहेबराव यांनी चष्मा पुसला. "सिंधुबाई, तुमच्या हिशेबानं हे पाणी पाठीवर औषध आहे. बाटल्या भरून विका की!"

समितीनं हसून पुन्हा तपासायला महिनाभराची मुदत दिली. सिंधुबाई तडक ज्ञानोबांच्या दारात.

"बाटली कुणी भरली होती?"

"मीच की," सून चांगुणा म्हणाली. "मामा निजले व्हते. म्या त्याच दिशी मुरुडहून, माहेरहून आले व्हते, पंधरा दिस तिथलंच ग्वाड पाणी पिऊन. म्हटलं, डॉक्टरीणबाईची खोटी नगं."

"अहो, पण नाव ज्ञानोबांचं होतं!"

"रोजगार हमीच्या हजेरीवर बी नाव मामाचंच हाय. खडी मी फोडते. बदली चालती की! घर तर एकच हाय."

बसवंताच्या घरी तेच. तो रोजगार हमीच्या कामावर येणाऱ्या टँकरचं पाणी पीत होता. त्याची बाटली पाठीचं लाकूड झालेल्या आजीनं, धुरपताबाईंनी, मोठ्या मायेनं भरून ठेवली होती. गावानं संशोधनाला मनापासून मदत केली होती आणि त्यातच संशोधन बुडालं होतं.

सिंधुबाईंनी गाव चावडीवर बोलावलं. "आता जो वाकेल त्यानंच बाटली द्यायची. तिथल्या तिथं. वाकला की बोटावर शाईनं नंबर, तोच नंबर बाटलीवर."

"हाव, म्हंजी मतदान म्हणा की!" ज्ञानोबा ओरडले. "मग बदली चालत न्हाई. निदान दिवसाढवळ्या तरी न्हाई."

गाव खो खो हसलं आणि रांगेला लागलं.

या खेपेला पाठ आणि बाटली सख्ख्या बहिणींसारखी जुळली. बोअरचं पाणी पिणारी पाठ जितकी ताठ, तितकी तिची बाटली फ्लोराइडनं जड. लातूरच्या बैठकीत साहेबरावांनी कागद दोनदा उलटसुलट पाहिले.

"हे पहिल्यांदाच असं का नाही केलंत?"

"पहिल्यांदा तुम्हाला औषध सापडलं होतं ना, सर."

समितीत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. साहेबरावांनी टँकरच्या कागदावर सही केली.

आठवड्याभरात बोअरच्या हातपंपाचा दांडा काढला आणि टँकर आला. हलगी वाजली. सिंधुबाई नको नको म्हणत असताना बायांनी त्यांना ड्रायव्हरशेजारी चढवलं आणि टँकर अख्ख्या गावातून मिरवला. वळणावळणावर पाणी सांडत होतं. दुष्काळात थेंबाथेंबावरून भांडणाऱ्या त्या गावात त्या दिवशी कुणी ब्र काढला नाही.