चिमणीचा स्कॅन

एमआरआयच्या खोलीत मावशीने एकतीस वर्षं काढली. हुद्द्याने ती तंत्रज्ञ. पण स्कॅनला येणाऱ्या मुलांनी तिला पहिल्याच वर्षी मावशी करून टाकलं आणि पुढे मोठे डॉक्टरही तेच म्हणू लागले.

निवृत्तीला महिना उरला असताना विभागातली तरुण डॉक्टरीण तिच्याकडे आली.

"मावशी, मुलांच्या मेंदूतल्या गाठींचे जुने स्कॅन हवेत. ज्यांच्या गाठीचा तुकडा काढून तपासला होता, त्यांचेच. गाठीतलं कुठलं जनुक बिघडलंय, ते नुसत्या चित्रावरून ओळखायला संगणकाला शिकवायचंय. नावं काढून टाकू."

अडगळ म्हणून फेकायला निघालेल्या त्या डिस्क मावशीने एकेकाळी हुज्जत घालून राखल्या होत्या. दोघी दुपारभर त्या काढत बसल्या. एका डिस्कपाशी मावशीचा हात थांबला.

"ही चिमणी. सात वर्षांची. मशीन धडधडायला लागलं की मी हिचा पाय धरून बसायचे. हलू नकोस म्हटलं तर विचारते कशी, 'मग श्वास घेऊ का?' म्हटलं, घे, पण गुपचूप." मावशी हसली. "गाठ अगदी अडचणीच्या जागी. सुईने तुकडा काढला आणि उजवा हात लुळा पडला. मग डाव्या हाताने चित्रं काढायची. सगळ्या चित्रांत माझे कान हे एवढाले."

"पुढे?"

"दहावं लागलं आणि गेली. तिच्या गाठीवरची गोळी निघायला अजून बारा वर्षं होती."

डॉक्टरणीने ती डिस्क जपून पेटीत ठेवली.

दोन वर्षांनी तिचा फोन आला. पाच वर्षांच्या एका मुलाची गाठ तशाच जागी होती. सुई घालणं धोक्याचं. संगणकाने चित्रावरून जनुकातला बिघाड सांगितला, पाठीतल्या पाण्याच्या तपासणीतही तोच निघाला. डोक्याला हात न लावता त्या बिघाडावरच्या गोळ्या सुरू झाल्या. आता चार महिन्यांनंतरचा स्कॅन होता.

मावशी तो बघायला गेली. गाठ निम्म्यावर आली होती. पडद्यावरची आधीची आणि आताची, दोन्ही चित्रं तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग बाहेर येऊन बाकावर टेकली.

शेजारी त्या मुलाची आई होती. "तुमचं कोण आहे आत?"

"कुणी नाही. मी इथे कामाला होते."

"मग सगळं बदललं असेल."

"सगळं," मावशी म्हणाली, आणि आधी भिंतींचा रंग कसा होता तिथपासून सांगायला लागली.