गजराबाईंची कळलावी

आमचे अण्णा, गोरोबा, मेंढरं घेऊन बालाघाटच्या माळावर फिरायचे. एका वर्षी मृगाच्या तोंडावर त्यांनी नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद धोतराच्या सोग्यात बांधून आणला आणि कुंपणापाशी पुरला. भादवा सरता सरता वेलाला फुलं आली. पाकळ्या जाळासारख्या वर वळलेल्या, आधी पिवळ्या, मग लालभडक. आईनं, गजराबाईनं, ती बघितली आणि कपाळाला हात लावला.

"अवो, ही तर कळलावी! दारात लावली की घरात भांडणं लागत्यात."

"आपल्याला तिची काय गरज? आपण तसंबी भांडतोच की," अण्णा म्हणाले.

आईनं वेल उपटला. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. पुढच्या वर्षी वेल पुन्हा उगवला, पुन्हा फुलला, पुन्हा उपटला गेला. दर साली हेच.

दोन वर्षांखाली अण्णा गेले. मी लोहाऱ्याला तहसीलमध्ये नोकरीला, म्हणून आईला माझ्याकडं आणलं. ती पाहुण्यासारखी राहू लागली. हे आवडतं का, ते हवं का, काहीही विचारा, "चालतंय की" एवढंच.

यंदा वैशाखात मी गावी गेले आणि कुंपणाखालचा कंद उकरून आणला. शेजारचे शरणबसप्पा म्हणाले, "मंजुषाताई, लई इषारी असतंय हे. शेरडं, लेकरं लांब ठेवा." मी अंगणात जाळी लावली आणि खड्डा खणायला बसले. मागं आई कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही.

"एवढं खोल न्हाय, मंजे. ते चार बोटंच पुरायचे." माझ्या हातातलं खुरपं तिनं घेतलं.

आश्विनात पहिलं फूल उमललं. आई सकाळपासून तिथंच बसून होती.

"ल्हानपणी ते माळावर एकलेच असायचे. ह्या फुलासंगं बोलायचे म्हणं. मला हे लई उशिरा सांगितलं त्येंनी."

"आणि तू दर वर्षी उपटायचीस!"

"वरचा वेल उपटायची," आई म्हणाली. "कंदाला हात लावला का कधी?"

अण्णांना हे ठाऊक होतं का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

रविवारी आम्ही दोघी जीपनं त्या माळावर गेलो. दगडाधोंड्यांतून जागोजागी कळलावी पेटली होती. आई एका धोंड्यावर टेकली आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत उठली नाही.