कुमांजाई एकोणतीस

मी कॉम्प्युटरमधली एकोणतीस नंबरची फाईल बोलतेय. माझ्यात एका बाईचं गाणं आहे. कोणाचं, ते मी सांगणार नाही. आमच्या मूळनिवाशांच्या वस्तीत, शोक चालू असेतो, वारलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. घ्यायची वेळ आलीच तर ‘कुमांजाई’ म्हणतात. शोक संपून घरच्यांनी होकार दिला, की नाव परत येतं.

माझा जन्म वाळवंटातल्या एका झऱ्याकाठी झाला. दोघी बहिणींतली थोरली झऱ्याचं गाणं गात होती, धाकटी टॉप्सी निखाऱ्यात रोट भाजत होती आणि शाळेतल्या बाईंनी रेकॉर्डिंगला कॅसेट लावली होती. नाव, जागा, साल, सगळं बाईंनी कॅसेटवर लिहिलं.

पुढे महिला केंद्राच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर आला. दर बुधवारी स्वयंसेवक आम्हा आवाजांना त्यात भरू लागले. ज्याला जसं सुचेल तसं नाव द्यायचा. कोणी तारीख घाली, कोणी नुसतंच ‘बायकांचं गाणं, छान’. भरून झाल्यावर उन्हाने चिकटलेल्या कॅसेटी खोक्यासकट फेकल्या.

मग हे काम मेव्हिसकडे आलं. निवृत्त नर्स, भल्या मनाची. थोरली वारली तेव्हा पडद्यावर तिचं नाव दिसू नये म्हणून मेव्हिसने ते पुसलं आणि ‘कुमांजाई’ लिहिलं. थोरलीच्या आधी आणि नंतर गेलेल्या सगळ्यांचं तेच; पुढे फक्त आकडा. कोणता आकडा कोणाचा, हे तिने कुठेच टिपलं नाही. नाव लिहिणंच तर टाळायचं होतं.

बऱ्याच वर्षांनी शोक संपला आणि टॉप्सी आजी नात शरीनला घेऊन आली. थोरली गेली तेव्हा शरीन रांगत होती. आजीला गाणं अर्धंच येत होतं. उरलेलं माझ्यापाशी. ते पोरीला शिकवून मगच डोळे मिटायचे, असं तिने ठरवलं होतं.

मेव्हिसने यादी उघडली. एक ते एक्केचाळीस.

“एवढी माणसं आणि नाव एकच,” आजी म्हणाली. “शिरगणतीवाले खूश होतील बघ.”

आपण मान राखायला केलं, असं मेव्हिस पुटपुटली.

“आम्ही नाव झाकतो गं बाई. माणूस हरवत नाही.”

शरीनने रागारागाने वही आखली. आवाज कोणाचा, कुठला, कधीचा, कोणी ऐकायचा. फाईल कोणीही भरो, हेच चार रकाने. पण आवाज ओळखणारे कान एकट्या आजीचेच उरले होते. दुसऱ्या घरचा आवाज निघाला की आजी लगेच थांबवायला सांगे, त्या घरी जाऊन कळवी आणि रडणाऱ्यांजवळ बसून राही. म्हणून एका बुधवारी एकच फाईल.

सतरा झाल्या. मग आजीला डायलिसिससाठी शहरात नेलं. शरीनने फोनवरून अठरावा आवाज ऐकवून पाहिला. आजीला नीट ऐकू येईना. थंडी संपायच्या आत ती तिकडेच वारली.

घरचे शोकाला बसले होते तेव्हा मेव्हिसने आजीच्या स्वतःच्या आवाजाच्या तीन फाईलींवरचं नाव झाकलं. या वेळी मात्र आधी वहीतले चारही रकाने भरले.

अठरापासून एक्केचाळीसपर्यंत वही कोरी आहे. शोक संपून आजीचं नाव परत आल्यावर शरीन आमच्यासमोर येऊन बसली. परवानगी कोणाच्या दारात मागायची तेच कळेना, आणि न विचारता उघडणं तिच्याने होईना.

तुम्हीही कोणाचे आवाज, कोणाचे फोटो साठवले असतील. ओळखणारं माणूस समोर आहे तोवर विचारा आणि लिहा. आजच. पुढचा बुधवार धरू नका.

शरीन अजून येते. निघताना गाणं गुणगुणते आणि आजी अडायची त्याच ओळीवर अडते. पुढची ओळ माझ्यात आहे. शरीन कॉम्प्युटर बंद करते.