लिपस्टिकच्या दोन खुणा

उत्तर इंग्लंडमध्ये, हॅलिफॅक्समधल्या एका गिरणीत गालिचे विणणं बंद पडलं, तेव्हा तिचा तिसरा मजला ऑल्डरॉइड नवरा-बायकोने भाड्याने घेतला आणि तिथे घरोघरी गाणी ऐकायचे स्पीकर बनवायला सुरुवात केली. एनिड स्पीकर घडवायची, विल्फ ते विकायचा. दोन्हींत अवघड काम कोणतं, यावर त्यांचं कधी एकमत झालं नाही. विल्फचं म्हणणं असं, की स्पीकर बनवताना निदान मध्ये कोणी बोलत नाही. विकताना एनिड बोलते.

तिच्या बोलण्याची झळ माहितीपत्रकालाही लागली होती. बाकीचे कारखानदार आपापल्या स्पीकरवर शंभर-शंभर वॅट छापत असताना ऑल्डरॉइडच्या स्पीकरवर पंधरा छापलेलं असे, कारण ते पंधराच होते. ‘वरचा पापुद्रा अक्रोडाचा, आतलं लाकूड साधं’ हे वाक्य पहिल्याच पानावर होतं. विल्फने ते शेवटच्या पानावर न्यायची सूचना केली होती. एनिड म्हणाली, शेवटचं पान कोण वाचतं? विल्फ म्हणाला, तेच तर.

त्या वर्षी शरद ऋतूत मिस्टर मर्गाट्रॉइड यांचा निरोप आला. मर्गाट्रॉइडची उत्तरेत अकरा दुकानं होती आणि नाताळसाठी त्यांना एकाच जातीचे स्पीकर सगळीकडे ठेवायचे होते. चारशे जोड्या. ही ऑर्डर मिळाली तर गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या चौदा माणसांचा हिवाळा सुखात जाणार होता. नाही मिळाली, तर सगळ्यांना आठवड्यातून तीनच दिवस बोलवावं लागणार होतं, आणि ते त्यांना सांगायचं काम विक्रीखात्याचं, म्हणजे विल्फचं होतं. गेला आठवडाभर सुतारखात्यातली आयव्ही त्याच्या चहात न विचारता दोन चमचे साखर घालत होती. विल्फला त्या साखरेची भीती वाटायला लागली होती.

ब्रॅडफर्डच्या मोठ्या दुकानाच्या माडीवर परीक्षा होती. चाळणी लागून दोनच कारखानदार उरले होते. एक ऑल्डरॉइड आणि दुसरे ससेक्सहून आलेले ऑब्री चॅलोनर. चॅलोनर उंच, सावकाश बोलणारे, पायात मोजे घालून वर सँडल. दक्षिणेकडची माणसं असंच काहीतरी घालणार हे विल्फने धरूनच ठेवलं होतं, त्यामुळे त्याला बरं वाटलं.

दोन्ही जोड्या पडद्याआड ठेवल्या होत्या. पडदा मिसेस मर्गाट्रॉइड यांनी घरून आणला होता, मोठ्या गुलाबी फुलांचा. त्यांच्याच हातात खटका होता. एकीकडे दाबला की एक नंबरचे स्पीकर वाजायचे, दुसरीकडे दाबला की दोन नंबरचे. अँप्लिफायर एकच, आणि तो सांभाळायला विल्फला बसवलं होतं.

तारा जोडतानाच विल्फच्या एक गोष्ट लक्षात आली होती. अँप्लिफायरचं बटण जिथल्या तिथे ठेवलं, तरी दोन नंबरचे, म्हणजे ऑल्डरॉइडचे स्पीकर किंचित मोठ्याने वाजत होते. अगदी किंचित. काही स्पीकर मुळातच कमी जोरात जास्त आवाज देतात, त्यात कुणाची लबाडी नसते. विल्फ काही बोलला नाही. तो खोटं बोलला असं कुणी म्हणू शकलं नसतं. त्याच्या तोंडात पेपरमिंटची गोळी होती.

मर्गाट्रॉइडनी ब्रास बँडची तबकडी लावली, खुर्चीत रेलून डोळे मिटले आणि पोटावर हात बांधले.

“दोन,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “दोनमध्ये जीव आहे.”

“दोनमध्ये माणसं जवळ येऊन बसल्यासारखी वाटतात,” मिसेस मर्गाट्रॉइड म्हणाल्या. “एक नंबर जरा मफलर गुंडाळून वाजवतोय.”

“स्वच्छ आहे दोन. उठाव आहे.”

चॅलोनरच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. विल्फने मनातल्या मनात आयव्हीला चहा बिनसाखरेचा द्यायला सांगितलं. मग त्याची नजर बायकोकडे गेली आणि गोळी गालातच अडकली. जसजशी स्तुती वाढत होती, तसतसा एनिडचा चेहरा उतरत चालला होता.

विल्फला हा चेहरा माहीत होता. हडर्सफील्डच्या एका दुकानदाराकडे तिने तो एकदा असाच केला होता. त्या गृहस्थाला जो स्पीकर खपवायचा असेल, त्याच्या वेळी तो बटण केसभर पुढे सरकवायचा. गिऱ्हाईक कधीच म्हणत नाही की हा मोठ्याने वाजतोय. गिऱ्हाईक म्हणतं, हा स्वच्छ आहे, ह्यात जीव आहे. त्या दिवशी तो सरकवलेला स्पीकर ऑल्डरॉइडचाच होता. तरीही एनिडने आपला सगळा माल परत गाडीत भरायला लावला होता, आणि विल्फची पाठ त्यानंतर महिनाभर धरली होती.

“जरा थांबवता का?” एनिड म्हणाली.

“का हो बाई? तुम्हाला बँड आवडत नाही?” मर्गाट्रॉइड डोळे न उघडता म्हणाले.

“बँड चांगलाय. पण दोन नंबर आमचा आहे.”

“ते कळू नये म्हणून तर हिने बैठकीच्या खोलीतला पडदा काढून आणलाय.”

“तो मोठ्याने वाजतोय म्हणून जिंकतोय.”

एनिडने पर्स उघडून रुमाल, गोळ्यांची पुडी, घराच्या किल्ल्या असं सगळं मांडीवर काढलं आणि तळातून आवाज मोजायचं काटेवालं यंत्र वर आणलं. इतर बायका छत्री ठेवतात तशी ती ते बरोबर ठेवायची.

“विल्फ, तुला कळलं नाही?”

“माझ्या तोंडात गोळी होती,” विल्फ म्हणाला.

“कान कुठे होते?”

विल्फने गोळी चावून टाकली. “कळलं होतं, एनिड.”

तिने मर्गाट्रॉइडच्या खुर्चीपाशी यंत्र धरलं, एक नंबर वाजवायला लावला, काटा पाहिला, मग दोन वाजवायला लावला आणि बटण हळूहळू उलटं फिरवत काटा पहिल्याच जागी आणला. आता दोन्ही जागी खूण करायला काहीतरी हवं होतं. तिच्याकडे नव्हतं. मिसेस मर्गाट्रॉइडनी आपली लिपस्टिक काढून दिली. नवरा ह्या परीक्षेत काय करतोय यापेक्षा ही बाई काय करतेय हे बघण्यात त्यांना आता जास्त गोडी वाटत होती.

“एक नंबरला बटण ह्या खुणेवर. दोन नंबरला ह्या. विल्फ, फिरव.”

दोन खुणांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर होतं. ह्या अंतरात चौदा माणसांचा हिवाळा होता. बटण विल्फच्या हातात होतं, एनिड पाठमोरी होती, आणि दोन नंबरच्या वेळी दाण्याऐवजी अर्धाच दाणा मागे यायचं ठरवलं असतं, तर काटाच काय तो चुगली करू शकला असता, आणि तो पर्समध्ये परत गेला होता. विल्फने ठरवून पाहिलं. बोटं खुणेवर जाऊन थांबली. तीस वर्षांच्या संसारात त्यांना नको ते वळण लागलं होतं.

तबकडी पुन्हा पहिल्यापासून वाजली. ह्या वेळी मर्गाट्रॉइडनी पोटावरचे हात दोनदा सोडले आणि दोनदा बांधले.

“एक,” ते म्हणाले. मग, “नाही, दोन.” मग त्यांनी डोळे उघडले. “मघाशी इतकं सोपं होतं. काय केलंत हो बाई तुम्ही?”

“काही नाही. आता तुम्ही स्पीकर ऐकताय.”

“मला खालचा बाजा एकमध्ये आवडतो आणि वरचे कर्णे दोनमध्ये,” मिसेस मर्गाट्रॉइड म्हणाल्या. “हे असलं उत्तर चालतं का?”

“हेच बरोबर उत्तर आहे,” एनिड आणि चॅलोनर एकदमच म्हणाले, आणि एकमेकांकडे पाहून जरा ओशाळले.

मर्गाट्रॉइडनी पडदा बाजूला सारला. आता डोळ्यांनी तरी काही ठरतंय का ते बघावं. ऑल्डरॉइडचा स्पीकर बुटका, रुंद, वरून सपाट. मिसेस मर्गाट्रॉइडनी त्यावर तळहात ठेवून पाहिला.

“ह्याच्यावर फुलदाणी छान राहील. बायका हे आधी बघतात.”

विल्फचा जीव पुन्हा भांड्यात पडला. पडला न पडला तोच एनिड म्हणाली, “राहील, पण थरथरेल. खालचा सूर आला की काच वाजते. नका ठेवू.”

“माझ्यावरही थरथरते,” चॅलोनर म्हणाले. “शिवाय माझ्यावर पाणी सांडलं तर पापुद्रा उचलतो. आणि खिडकीजवळ ठेवला तर दोन उन्हाळ्यांत रंग उडतो.”

“तुम्ही कुठला गोंद वापरता?” एनिडने विचारलं.

“हाडांचा.”

“आम्हीही. मग आमचाही उचलत असणार. मी पाणी सांडून बघितलं नाही कधी.”

“मी चुकून सांडलं होतं. चहा.”

“अरे तुम्ही माल विकायला आलात की पापं सांगायला?” मर्गाट्रॉइड कळवळून म्हणाले. “आम्ही चॅपलवाले प्रॉटेस्टंट आहोत, कॅथलिक नव्हे. कबुलीजबाब ऐकायची आमच्याकडे सोय नाही.” ते विल्फकडे वळले. “मिस्टर ऑल्डरॉइड, तुम्ही तरी शहाणे दिसता. तुम्ही हे घरी कसं सहन करता?”

“मी बाहेर फिरतीवर असतो,” विल्फ म्हणाला.

मर्गाट्रॉइड खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. वीस-बावीस वर्षं ते माल घेत होते. त्यांच्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाने आजवर त्यांना सांगितलं होतं की आपल्यासारखा माल जगात नाही, आणि त्यातलं किती वजा करायचं हे त्यांना पाठ झालं होतं. आज वजा करायला काहीच नव्हतं, म्हणून हिशोब अडला होता.

“मिसेस ऑल्डरॉइड,” ते मान न वळवता म्हणाले, “उद्या तुम्हाला ह्या दोन्हींतला एकच घरी न्यायला सांगितला, तर कुठला न्याल?”

“माझा. ह्यात काय विचारायचं?” एनिड म्हणाली. “खरं सांगते म्हणजे मला माझा माल आवडत नाही की काय?”

“आणि तुम्ही?”

“माझा,” चॅलोनर म्हणाले. “पण त्यांचे कर्णे चांगले आहेत. मिसेस मर्गाट्रॉइडना बरोबर ऐकू आलं.”

“झालं तर,” मिसेस मर्गाट्रॉइड लिपस्टिकचं टोपण लावत म्हणाल्या, “दोन्ही घ्या. शेजारी शेजारी ठेवा, बटणावर खुणा करा आणि गिऱ्हाइकाला ठरवू द्या. गेली इतकी वर्षं आपण गिऱ्हाइकाला काय ऐकवलं ते मला आता विचारायचंसुद्धा नाही.”

मर्गाट्रॉइडनी दोघांना दोनशे-दोनशे जोड्या सांगितल्या. अकराही दुकानांत बटणांवर खुणा करायचं काम मिसेस मर्गाट्रॉइडनी स्वतःकडे घेतलं आणि त्यांची एक लिपस्टिक त्यात संपली.

परतीच्या वाटेवर विल्फने गाडी थांबवून मासे आणि बटाटे घेतले. दोघं कागद मांडीवर पसरून गाडीतच खात बसले. काचा वाफेने धुरकटल्या होत्या.

“दोनशे जोड्या म्हणजे फेब्रुवारीपर्यंतचे पगार,” विल्फ म्हणाला.

“हं.”

“मार्चमध्ये काय सांगायचं आपल्या माणसांना?”

“खरं ते,” एनिड म्हणाली. मग व्हिनेगरची बाटली त्याच्याकडे सरकवत ती म्हणाली, “बटण तू खुणेवर ठेवलंस. मला वाटलं होतं, अर्धं ठेवशील.”

“तू पाठमोरी होतीस.”

“कानांना पाठ नसते, विल्फ.”

तिने आपल्या कागदातला मोठा तुकडा त्याच्या कागदात टाकला. तिच्याकडून एवढं म्हणजे भाषण होतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, विल्फ सुतारखात्यात बोलायचं वाक्य आरशासमोर पाठ करत असताना, गिरणीच्या खालच्या कचेरीत फोन वाजला. चॅलोनर होते. दुकानांतून त्यांना इतकी मागणी आली होती की त्यांच्याकडच्या सुतारांना झेपेना, आणि खोके बाहेरून बनवून घ्यायचे होते. ससेक्समध्ये सुतार पुष्कळ होते. पण खोक्यात काही बिघडलं तर ते आपण होऊन सांगेल असं माणूस त्यांना अख्ख्या धंद्यात एकच भेटलं होतं.

विल्फ जिना उतरून दारात येऊन उभा राहिला. एनिड फोन कानाला लावून सांगत होती, की आमचं सुतारकाम चांगलं आहे पण सावकाश आहे, आयव्हीचा गुडघा दुखतो आणि सोमवारी कुणाकडूनही फारशी अपेक्षा ठेवू नये. पलीकडून चॅलोनर काहीतरी लिहून घेत असावेत, कारण ती मध्ये मध्ये थांबत होती.

विल्फ पुढे झाला आणि पहिल्यांदाच त्याने विक्रीच्या वेळी बायकोला आपण होऊन मदत केली.

“आणि ह्या वर्षीचं लाकूड थोडं ओलं आलंय,” तो हळूच म्हणाला, “तेही सांगून टाक.”

एनिडने फोनवर हात ठेवला.

“ते सगळ्यात आधी सांगितलं,” ती म्हणाली. “जा, आयव्हीला चहा कर. साखर तिला विचारून घाल.”