पाठ कोरी हवी

वनमालाने वहीचं पान किटलीच्या वाफेवर धरलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पानावर क्रिकेटपटूंची तीन चित्रं होती. प्रत्येकाचे चार कोपरे भाताच्या शितांनी चिकटवलेले. तेरा वर्षांत शितं काचेसारखी कडक झाली होती.

“ब्लेडने काप की,” भाऊ म्हणाला.

“कोपरे जातील. ह्यांना अख्खे हवेत.”

‘हे’ म्हणजे बोरिवलीहून घाटकोपरला आलेला चंद्रप्रकाश. तो चित्रं जमवायचा. प्लॅस्टिकच्या खणांचा अल्बम मांडीवर घेऊन तो खाटेच्या कडेला बसला होता.

“आमच्या वेळी चिकटवल्याशिवाय चित्रं जमवली असं कोणी म्हणतच नसे,” भाऊने त्याला डिवचलं. “तू तर त्यांना पावडर लावून झोपवतोस वाटतं.”

“आता लोक आधी पाठ बघतात, भाऊ. पाठ कोरी हवी. डाग पडला की वाट लागली.”

त्याच्याकडे एकतीस नंबरचं चित्र होतं. महादूला, वनमाला आणि भाऊच्या धाकट्या भावाला, तेवढं एकच मिळालं नव्हतं. त्रेसष्ट साली च्युइंगगमच्या पाकिटांतली चित्रं त्याने जमवली आणि त्याच वर्षी, अकराव्या वर्षी, तो विषमज्वराने गेला. त्याच्या शाळेच्या वह्या रद्दीत गेल्या. उरली ही एक. तिच्यातला एकतीसचा चौकोन भाऊला भरायचा होता. बदल्यात चंद्रप्रकाशने वहीतली सगळ्यांत दुर्मीळ तीन चित्रं मागितली होती.

कोपरे सुटले. वनमालाने चिमट्याने पहिलं चित्र उलटं केलं. पाठीवर महादूचं अक्षर होतं, जीभ लावून लिहायच्या जांभळ्या पेन्सिलीचं. ‘चंपाकडून, बदली’ एवढं तिने वाचलं. खालची ओळ तिच्या डोळ्यांदेखत पसरत गेली. ओल लागली की रंग किती पसरतो, रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ती रोज हेच तपासायची. टिपकागद लावला तर उरलेलंही त्यावर जाणार होतं.

तिने घाईने दुसरी दोन उलटली. तिथे नुसते जांभळे डाग होते.

“लिहिलेलं मला नाही चालणार,” चंद्रप्रकाश हळू म्हणाला. मग भाऊकडे न बघता, “सॉरी, भाऊ.”

एकतीस नंबर खणात सरकवून तो निघून गेला.

भाऊने दाढीच्या डबीतून ब्लेड आणलं.

“बाकीच्यांवरही लिहिलं असेल ना गं त्याने? कोरडीच काढू. कोपरे गेले तर जाऊ देत.”

पहिलं कोरं निघालं. दुसरंही. तिसऱ्याच्या वेळी वनमालाच्या लक्षात आलं. ही सगळी पाकिटांतच सापडलेली. जी दुर्मीळ होती तीच महादूला कोणाकडून तरी बदलून घ्यावी लागली, आणि कोणाकडून ते त्याने तेवढ्यांवरच लिहून ठेवलं.

“अजून बरीच आहेत,” भाऊ म्हणाला. “पान धर जरा. हलतंय.”

तिने दोन्ही हातांनी पान सपाट दाबून धरलं.